मूल्यमापन : दोघांनी जुळवायचे खाते

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत द्रोणागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला दिलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. कर्मचाऱ्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन परिणामकारक रीतीने कसे करावे, हा तो विषय. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांचा त्याच्याशी वर्षातून एकदा तरी संबंध येतो. आपल्यापैकी काही जण मूल्यमापन करतात, काहींचे मूल्यमापन होते आणि मधल्या पायरीवर असणाऱ्यांच्या वाट्याला दोन्ही भूमिका येतात. अर्ध्या तासाच्या त्या भेटीत एका माणसाच्या तीनशे दिवसांच्या श्रमांचा निवाडा होत असतो. त्यावर त्याची पगारवाढ, बढती आणि पुष्कळदा घरातील त्याची प्रतिष्ठाही अवलंबून असते. तेव्हा ही बाब केवळ कागद भरण्याची नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

द्रोणागिरीत या विषयाला विशेष धार आहे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि मिठागरे, भातशेती व खाड्यांचा हा प्रदेश पाहता पाहता कंटेनर यार्ड, गोदामे आणि मालवाहतूक कंपन्यांचा झाला. नवी मुंबईच्या उभारणीसाठी येथील गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले आणि लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. ज्या कुटुंबाची शेती गेली, त्याच्या पुढच्या पिढीचा आधार बहुधा यार्डातील किंवा कार्यालयातील नोकरी हाच असतो. अशा माणसाच्या नावापुढे विनाकारण लिहिलेला एक शेरा किती दूरवर पोहोचतो, याचा विचार लिहिणाऱ्याने करावा, एवढीच माझी प्रारंभीची विनंती आहे.

खात्याचा दृष्टान्त

आपल्यापैकी अनेक जण व्यापारी परंपरेतील आहेत. म्हणून व्यवहारातीलच एक उदाहरण घेतो. वर्षअखेरीस आपण आपल्या वहीतील खाते पुरे करतो; पण तेवढ्याने ते पक्के होत नाही. आपण समोरच्या व्यापाऱ्याला खातेउतारा पाठवतो. तो आपल्या वहीशी ताडून पाहतो, फरक असेल तर कळवतो, आणि दोन्ही बाजू जुळल्यावरच शिल्लक मान्य होते. बिलाच्या तळाशी आपण ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे छापतो. स्वतःच्या नोंदीतही चूक असू शकते, हे त्या शब्दांत आपण आधीच मान्य केलेले असते.

पैशांच्या बाबतीत इतकी दक्षता बाळगणारे आपण माणसाच्या बाबतीत मात्र एकाच वहीवर भिस्त ठेवतो. साहेबांच्या मनातील खाते हेच अंतिम खाते ठरते. कर्मचाऱ्याला उतारा मिळत नाही. त्याच्याजवळच्या नोंदी कोणी विचारीत नाही. मूल्यमापन हे दोघांनी मिळून जुळवायचे खाते आहे, हा एकच विचार आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. पुढे जे जे सांगेन ते या एका विचाराचाच विस्तार होय.

बंद लिफाफ्याचा इतिहास

कामाचे मोजमाप करण्याचा प्रयत्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन या गिरणीचालकाने प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला होता. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग दिलेले होते. आदल्या दिवसाच्या वर्तणुकीनुसार देखरेख करणारा त्यातील एक रंग पुढे करी. काळा सर्वांत वाईट, पांढरा सर्वोत्तम. सर्वांसमक्ष माणसाला रंग लावण्याची ही रीत आज आपल्याला खटकेल. परंतु तिच्यात दोन गुण होते. आपल्याविषयी काय मत झाले आहे हे कामगाराला दुसऱ्याच दिवशी कळत असे, आणि ते अन्यायाचे वाटल्यास थेट ओवेनकडे दाद मागण्याची मुभा त्याला होती.

आपल्याकडील सरकारी कार्यालयांत मात्र दीर्घकाळ ‘गोपनीय अहवाल’ चालत आला. प्रतिवेदन अधिकारी लिहीत, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर सही करीत आणि लिफाफा कपाटात जाई. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवण्याची पद्धत होती. शेरा प्रतिकूल आहे की नाही, हे ठरवणार कोण? तर तो लिहिणारी यंत्रणाच.

या प्रश्नाचा निर्णायक निकाल सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या प्रकरणात लागला. अधीक्षक अभियंता पदावरील बढतीसाठी लगतच्या पाच वर्षांच्या अहवालांत किमान ‘अतिशय चांगला’ असा शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. तो प्रतिकूल नाही म्हणून त्यांना कळवण्यात आला नाही, आणि त्याच एका शेऱ्यामुळे त्यांची बढती हुकली. कनिष्ठ सहकारी पुढे गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोवर ते सेवानिवृत्त झाले होते. शेऱ्याचा शब्द कोणता आहे यापेक्षा त्याचा कर्मचाऱ्याच्या भवितव्यावर काय परिणाम होतो हे पाहावे लागेल, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असा दंडक त्या निकालाने घातला. १४ मे २००९ च्या आदेशान्वये केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची आणि पंधरा दिवसांत अभिवेदन करू देण्याची व्यवस्था केली. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले. महाराष्ट्र शासनातही आता ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हा शब्द रूढ झाला आहे.

हा निकाल शासकीय आणि सार्वजनिक क्षेत्रातील सेवांसाठी आहे; खासगी पेढी किंवा धर्मादाय न्यास त्याने बांधला जात नाही, हे मी जाणतो. तथापि त्यातील न्यायबुद्धी खासगी कार्यालयाच्या उंबरठ्यावर थांबावी, असे कोणी म्हणेल असे वाटत नाही. ‘चांगला’ या निरुपद्रवी शब्दाने एका माणसाची बढती अडली आणि त्याला ते वेळीच कळलेही नाही. आपल्या कपाटांत असे किती ‘चांगले’ पडून असतील?

मुंबईत घडलेला एक प्रयोग

न्यायालयाच्याही तीन दशके आधी हाच प्रश्न व्यवस्थापनाच्या अंगाने मुंबईत हाताळला गेला होता. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९७४ च्या सुमारास आपली मूल्यमापन पद्धती तपासण्याचे काम अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांकडे सोपवले. कंपनीची अपेक्षा मूल्यमापन सुधारण्याची होती. अभ्यासाअंती प्राध्यापकांनी दाखवून दिले की, एकाच अहवालावर आपण अनेक ओझी लादतो. झालेल्या कामाचे मूल्यमापन, पुढील पदासाठी असलेली क्षमता, कर्मचाऱ्याला करावयाचे मार्गदर्शन, प्रशिक्षणाची गरज आणि भावी वाटचालीचे नियोजन या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखाव्यात आणि मग एकमेकींशी जोडाव्यात, असे त्यांनी सुचवले. त्यातून कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतीय उद्योगातील तो पहिला असा विभाग मानला जातो.

यातून आपण घेण्यासारखा बोध साधा आहे. उत्तम रीच स्टॅकर चालवणारा चालक उत्तम यार्ड पर्यवेक्षक होईलच असे नाही. त्याच्या आजच्या कामाला पूर्ण गुण द्यावेत. उद्याच्या पदाचा विचार स्वतंत्रपणे करावा. दोहोंची गल्लत केली की आपण एक निष्णात चालक गमावतो आणि एक हतबल पर्यवेक्षक पदरात पाडून घेतो.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मेयर, के आणि फ्रेंच या संशोधकांनी केलेला अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल्यमापनाच्या बैठकीत टीकेचा भडिमार झाला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पुढे त्याच विषयातील त्याचे काम सुधारत नाही, असे त्यांना आढळले. निश्चित उद्दिष्टे दोघांनी मिळून ठरवली, तर मात्र सुधारणा दिसते. पगारवाढीचा निर्णय आणि कामातील सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत करू नये, हाही त्यांचा निष्कर्ष होता. ज्याचे सारे लक्ष आकड्याकडे लागले आहे, त्याच्या कानी उपदेश शिरणार कसा?

पुढे याच कंपनीत १९८१ ते २००१ या काळातील प्रमुख जॅक वेल्श यांनी कर्मचाऱ्यांची वीस, सत्तर आणि दहा टक्के अशी विभागणी करण्याची आणि तळातील दहा टक्क्यांना निरोप देण्याची पद्धत प्रसिद्धीस आणली. अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. कालांतराने अनुभव उलटा आला. शेजाऱ्याचा क्रमांक खाली गेला तरच आपला वर राहणार, असे झाल्यावर शेजाऱ्याला मदत कोण करील? मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडली; पुढे काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिकनेही वार्षिक क्रमांकनाला सोडचिठ्ठी दिली. दहा-वीस माणसांच्या आपल्या पेढीत तर ही पद्धत निव्वळ अनर्थ करील, कारण तेथे प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर उभे असते.

खाते उघडताना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खाते जुळवायचे तर ते वर्षाच्या प्रारंभी दोघांच्या संमतीने उघडले पाहिजे. एप्रिल महिन्यात प्रत्येक कर्मचाऱ्याबरोबर बसून त्याच्या कामाच्या चार-पाच अपेक्षा साध्या मराठीत लिहून काढाव्यात. ‘कामात तत्पर असावे’ हे वाक्य सुभाषित म्हणून चांगले आहे, अपेक्षा म्हणून निरुपयोगी आहे. ‘कंटेनर गेटमधून आत येताच सील क्रमांक आणि बाह्य नुकसान यांची नोंद त्याच पाळीत पूर्ण व्हावी’ ही अपेक्षा झाली. ती पूर्ण झाली की नाही, हे दोघांनाही तपासता येते.

अपेक्षा ठरवताना एक पथ्य पाळावे. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही, तिच्यासाठी त्याला जबाबदार धरू नये. कंटेनर यार्डात किती दिवस पडून राहिला, हा आकडा मोजायला सोपा आहे. पण कस्टम्सची तपासणी लांबली, आयातदाराने शुल्क भरले नाही किंवा शिपिंग कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर आली नाही, तर यार्डातील कारकून काय करणार? त्याच्या हाती आहे ते एवढेच, की कागदपत्रे आल्यावर गेट पास किती वेळात तयार होतो. तेवढेच मोजावे.

या परिसरातील एक मोठे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१६-१७ पासून बंदरातून आयात माल थेट आयातदाराकडे नेण्याच्या ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’ला मोठी चालना मिळाली. जो कंटेनर पूर्वी मालवाहतूक केंद्राच्या यार्डात येत असे, तो परस्पर जाऊ लागला. अशा वर्षी एखाद्या विपणन अधिकाऱ्याचे आकडे घटले, तर तो आळशी झाला असे म्हणायचे, की धोरण बदलले हे लक्षात घेऊन बदललेल्या परिस्थितीत त्याने किती ग्राहक टिकवले हे पाहायचे? पहिले सोपे आहे, दुसरे न्याय्य आहे. वर्षाच्या मध्यावर परिस्थिती बदलली तर अपेक्षांचा कागद पुन्हा उघडून दोघांनी तो दुरुस्त करावा. त्यात कमीपणा नाही.

वर्षभराच्या नोंदी

मार्चअखेरीस आठवणीवर विसंबून लिहिलेला अहवाल म्हणजे बिलांशिवाय लिहिलेली वही. मानवी स्मृतीचे काही ठरलेले दोष आहेत. पहिला दोष ताज्या घटनेचा. फेब्रुवारीत झालेली चूक लख्ख आठवते. जुलैच्या मुसळधार पावसात, रस्ता पाण्याखाली असताना पहाटे येऊन गोदामातील माल वाचवल्याचे विस्मरण होते. दुसरा दोष प्रभावाचा. एखाद्याचे इंग्रजी सफाईदार असले की त्याचे सारेच काम सफाईदार वाटू लागते. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनांतून हा दोष दाखवून दिला होता. तिसरा दोष भिडेचा. कोणाला दुखवायला नको म्हणून सर्वांना मधले गुण दिले जातात. यात आळशी माणूस निर्धास्त होतो आणि कष्टाळू माणूस मनातून खचतो. चौथा दोष आपलेपणाचा. आपल्या गावचा, आपल्या भाषेचा, आपल्या नात्यातला माणूस अधिक गुणी दिसतो. हा चौथा दोष कौटुंबिक पेढ्यांत अधिक आढळतो, म्हणून तो स्पष्टपणे सांगतो.

यावर उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी वहीचे एक पान राखावे आणि महिन्यातून एकदा दोन-तीन ओळी लिहाव्यात: तारीख, काय घडले, परिणाम काय झाला. विशेषणे लिहू नयेत. चांगली घटना आणि उणिवेची घटना या दोन्हींची नोंद असावी. पान कर्मचाऱ्याला दाखवावे, आणि त्यानेही स्वतःची अशीच नोंद ठेवावी. दोन वह्या असल्याशिवाय खाते जुळवता येत नाही.

नोंद ठेवताना रजेविषयी सावध असावे. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा घेऊन परतलेल्या भगिनीचे मूल्यमापन, ती कामावर असलेल्या काळापुरतेच करावे. गैरहजेरीचा शिक्का तिच्यावर मारणे अन्यायाचे आहे. आजारपणाच्या रीतसर रजेलाही हेच तत्त्व लागू होते.

भेटीचा दिवस

मूल्यमापनाच्या भेटीत एकही गोष्ट कर्मचाऱ्याला प्रथमच कळता कामा नये. ऑगस्टमधील चूक ऑगस्टमध्येच सांगितलेली असावी; मार्चपर्यंत ती साठवून ठेवणे हा कर्मचाऱ्याचा विश्वासघात होय आणि पेढीचेही नुकसान, कारण मधले सात महिने ती चूक तशीच चालू राहते.

भेटीची वेळ किमान आठवडाभर आधी कळवावी. जागा एकान्ताची असावी. काचेच्या केबिनमध्ये सर्वांच्या नजरेसमोर ही बोलणी करू नयेत. मोबाइल बाजूला ठेवावा. प्रथम कर्मचाऱ्याला बोलू द्यावे: वर्ष कसे गेले, कोणते काम मनासारखे झाले, कोठे अडचण आली, आमच्याकडून काय कमी पडले? हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा. पुष्कळदा असे उघड होते की नोंदी उशिरा होतात, कारण तीन माणसांत एकच संगणक आहे. किंवा मालाचे नुकसान होते, कारण पत्र्याचे छप्पर गळते. अशा वेळी मूल्यमापन माणसाचे राहत नाही, व्यवस्थेचे होते, आणि मालकाला ते फुकटात मिळते.

उणीव सांगताना माणसाच्या स्वभावावर बोलू नये, घटनेवर बोलावे. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ या वाक्याला उत्तर नसते. त्याने फक्त जखम होते. ‘गेल्या तिमाहीत चार वेळा सील क्रमांकाची नोंद राहून गेली. त्यांतील एका वेळी ग्राहकाने माल कमी आल्याची तक्रार केली आणि आपल्याजवळ पुरावा नव्हता. हे कशामुळे होते, तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले तर माणूस विचार करू लागतो. समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल तर शब्दांत अधिक आदर असावा. पण आदरापोटी सत्य गिळू नये. वीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला सत्य सांगणे, हाही त्याच्या सेवेचा सन्मानच आहे.

प्रशंसाही अशीच नेमकी असावी. ‘छान काम करता’ हे ऐकायला गोड आहे, पण त्यातून काय चालू ठेवायचे ते कळत नाही. कोणत्या दिवशी, कोणते काम, कोणाच्या उपयोगी पडले ते सांगितले तर माणूस ते घरी जाऊन सांगतो.

भेटीच्या अखेरीस दोघांनी मिळून एक पान लिहावे. त्यात पुढील वर्षाच्या अपेक्षा, कर्मचाऱ्याला लागणारे प्रशिक्षण आणि मालकाने पुऱ्या करावयाच्या गोष्टी असाव्यात. कर्मचाऱ्याचे मत वेगळे असेल तर ते त्याच्याच शब्दांत लिहू द्यावे. त्या कागदाची प्रत त्याला द्यावी आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या एखाद्या वरिष्ठाकडे दाद मागण्याची मुभा ठेवावी. लहान पेढीत दुसरा वरिष्ठ नसेल, तर दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली एखादी ज्येष्ठ व्यक्ती हे काम करू शकते. पगारवाढीची गोष्ट त्यानंतर काही दिवसांनी स्वतंत्रपणे करावी, आणि आकडा कसा ठरला हेही सांगावे.

ज्यांचे मूल्यमापन कोणीच करीत नाही

दोन प्रकारच्या माणसांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पहिला म्हणजे ‘घरचा माणूस’. आपल्या पेढ्यांत आणि न्यासांत पंचवीस-तीस वर्षे हिशेब पाहणारे, भांडार सांभाळणारे, चाव्यांचा जुडगा कमरेला लावणारे असे लोक असतात. त्यांच्यावर पूर्ण विश्वास असतो आणि दिवाळीला त्यांच्या हाती पाकीटही पडते. पण आपल्या कामाविषयी काय मत आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. एके दिवशी संगणक येतो, नवा पदवीधर येतो आणि या माणसाला बाजूला सारले जाते. तो मागे का पडला? कारण त्याला काय शिकायला हवे, हे सांगण्यासाठी इतक्या वर्षांत कोणी त्याच्याबरोबर एक तास बसलेच नाही. आपुलकी हे मूल्यमापन टाळण्याचे निमित्त होऊ नये. आपुलकी असेल तर ते अधिक निष्ठेने करावे. संस्थांमध्येही शिक्षक, परिचारिका, कार्यालयीन सेवक यांच्या कामाची अशी बैठक व्हावी. सेवाभावाने काम करणाऱ्यालाही आपले काम कोणी पाहिले, हे समजण्याचा अधिकार आहे.

दुसरा म्हणजे कंत्राटी कामगार. यार्डात घाम गाळणाऱ्यांपैकी पुष्कळांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते, ते कंत्राटदाराच्या पटावर असते. त्यांना कोणताही अर्ज भरावा लागत नाही, कोणतीही भेट मिळत नाही. पर्यवेक्षकाने कंत्राटदाराला ‘उद्यापासून हा नको’ एवढे तोंडी सांगितले की त्याचे मूल्यमापन संपले. कारण विचारण्याची सोयच नसते. माझे उद्योजक बंधूंना आग्रहाचे निवेदन आहे, की कोणाही कंत्राटी कामगाराला काढून टाकण्याची सूचना देण्यापूर्वी आपल्या पर्यवेक्षकाकडून कारण लेखी मागावे, आणि त्या कामगाराचे म्हणणे एकदा ऐकावे. एका कागदाचा आणि दहा मिनिटांचा हा खर्च आहे. एका घराची चूल त्यावर अवलंबून असते.

दोन आक्षेप

काही मालक म्हणतील, इतका वेळ कोठून आणावा? हिशेब करून पाहू. वीस कर्मचारी असतील तर प्रत्येकी वर्षातून दोन तासांप्रमाणे चाळीस तास होतात. म्हणजे कामाचे पाच दिवस. एक जाणता सर्व्हेअर कंटाळून सोडून गेला, तर त्याच्या जागी नवा माणूस शोधून तयार करायला याहून कितीतरी अधिक दिवस जातात.

दुसरा आक्षेप असा, की लेखी काही दिले तर कर्मचारी त्याच कागदाच्या आधारे भांडतील. भांडण न्याय्य असेल तर ते ऐकलेच पाहिजे. आणि आपल्या नोंदी प्रामाणिक असतील तर कागद आपल्याही बाजूने बोलतो. ज्याला आपली वही दुसऱ्याला दाखवण्याची भीती वाटते, त्याने प्रथम वही तपासावी.

बंधुभगिनींनो, कोणाचेही मूल्यमापन पूर्णतः निर्दोष असू शकत नाही. मोजणारा माणूसच असतो. म्हणूनच समोरच्याला वही दाखवायची, त्याची वही पाहायची आणि दोन्ही जुळवायच्या. येत्या मार्चमध्ये आपण अहवालाचा कागद पुढे ओढाल, तेव्हा सही करण्यापूर्वी एवढेच पाहावे की त्यावर कर्मचाऱ्याच्या हातची एक तरी ओळ आहे काय. नसेल तर ते खाते अजून अपुरे आहे, असे समजावे.

 माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास, चूकभूल द्यावी घ्यावी.